बांधकाम कच्चं होतं

साखर पेठ, रात्रीचं कॉलेज, खोली नंबर चार.
भिंतीपलीकडे यंत्रमाग, म्हणून प्रत्येक वाक्य
मला दोनदा सांगावं लागतं.
आज इंग्लंडचा नॉर्मन राजा, दुसरा विल्यम:
लालबुंद तोंडाचा, रागावला की अडखळणारा,
शिकारीला गेला आणि बाण लागून मेला.
एवढं नक्की.
बाकीचं ज्याने लिहिलं त्याचं.

मठातल्या साधूने लिहिलं,
दरबारातली पोरं केस वाढवतात, टोकदार जोडे घालतात,
दिवे विझल्यावर काय चालतं ते बोलवत नाही;
राजा मरायच्या आधी म्हणे जमिनीतून रक्त उमळलं.
मी फळ्यावर लिहितो: मठाधीश वारला की राजा
गादी रिकामी ठेवायचा आणि उत्पन्न स्वतः खायचा.
तिथून खडूने एक रेघ ओढतो
त्या रक्तापर्यंत.

दुसरा पुढच्या पिढीतला,
एका सरदारीणबाईसाठी यमकं जुळवणारा.
त्याचा राजा हसतो, उधळतो, शिव्या देतो आणि विसरतो.
असल्याच पंक्तीत कवीचंही ताट असायचं.

तिसऱ्याचं मला वाईट वाटतं.
आई इंग्रज. बापाने दहाव्या वर्षी
समुद्रापलीकडच्या मठात धाडला,
तिथली बोली त्याला कळेना.
मी शाळेत पहिल्या दिवशी 'नीळ्ळु' म्हणालो होतो.
पाणी हवं होतं. वर्ग हसला.
बाईंनी आधी शब्द दिला, मग तांब्या.

आणि चौथा, असाच अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा.
राजाला पुरलं त्या चर्चचा मनोरा काही वर्षांनी कोसळला.
लोक म्हणाले, पाप.
हा म्हणाला, बांधकाम कच्चं असेल;
तो तिथे नसता तरी पडलाच असता.
हे वाक्य मी वर्षानुवर्षं कौतुकाने शिकवतो.
बघा, म्हणतो, असा असावा इतिहासकार.

मागच्या बाकावरून राजमणी बोद्धूल,
नखांत तंबाखू, मांडीवर न संपलेलं सूप:
"सर, हजारातल्या शंभर विड्या छाट काढतात.
वहीत लिहितात, खराब.
त्याच विड्या पुढे विकतात.
खराब विडी नसते, सर.
वही कुणाच्या हातात, ते बघायचं."
मग जरा थांबून,
"तुमची वही कुणी दिली?"

पोरं हसली. मीही.
तेवढ्यात लाइट गेली, माग थांबले,
आणि पहिल्यांदाच मला वाक्य एकदाच म्हणता आलं असतं.
सुचलं नाही.

घरी टेबलावर स्मरणिकेची पानं आहेत:
इरण्णाशेठ, जन्मशताब्दी, मजकूर सोमवारपर्यंत.
माझी फी इरण्णाशेठांनी भरली, अकरावीपासून एम.ए.पर्यंत.
वडील त्यांच्या गिरणीत हजेरीबाबू.
दिवाळीला चादर यायची, मोर असलेली,
मी अजून तीच पांघरतो.

एका पावसाळ्यात विणाई खात्याची भिंत पडली.
तीन माणसं.
शेठ म्हणाले, दैव.
वडील म्हणाले, पाऊस.
वडिलांच्या अक्षरात त्या पाळीपुढे
तीन नावांवर लिहिलंय, गैरहजर.
अक्षर सुंदर आहे. शाई जरासुद्धा फुटलेली नाही.

मी 'त्यांचा स्वभाव' हा परिच्छेद चार वेळा लिहिला.
उदार. करारी. कामगारांचे माय-बाप.
सगळं खरं आहे, माझ्या खिडकीतून.
नीलकंठ नगरातल्या कुठल्याशा खिडकीतून
तो माणूस लाल तोंडाचा दिसत असेल
आणि जमिनीतून काहीतरी उमळत असेल.

बाराला वीज आली, पलीकडचे माग पुन्हा सुरू झाले.
मी पेन उचललं.
तेच वाक्य, त्या चौथ्याचं.
त्याच्या कागदावर ते मेलेल्या राजाला सोडवत होतं.
माझ्या कागदावर ते तसंच उतरवलं,
एक 'असेल' तेवढा खोडला.
खाली अजून शेठांचा स्वभाव लिहायचा आहे,
आणि चादर घ्यावी एवढा गारवा सुटलाय.